अय्युब पेंटरच्या पाट्या

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत जोयानं आपल्या वेबसाइटवरच्या फोटोंच्या सगळ्या जेपेग फाइली निवडल्या आणि डिलीट दाबलं. तेच फोटो आता फक्त एका नव्या फॉरमॅटमध्ये उरले. शेजारच्या खुर्चीतून तिचा सहकारी केदार अर्धवट उठला.

"अगं, वेडी आहेस का? आता कोणाला काय दिसणार?"

"ज्याच्या ब्राउझरला नवा फॉरमॅट वाचता येतो, त्याला दिसेल."

"म्हणजे तुला आणि मला."

जोया हसली नाही. वेबसाइट तिच्या वडिलांच्या कामाची होती. अय्युब पेंटरनी शनिवार पेठेत आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हा उरल्यासुरल्या पाट्या फ्लेक्सखाली झाकल्या जाण्याआधी जोयानं एकेक गाठून त्यांचे फोटो काढले. जेपेगमध्ये फाइल लहान केली की अक्षरांच्या कडेनं मळकट ठिपके उमटत, जणू ब्रश नीट धुतलाच नव्हता. नव्या फॉरमॅटमध्ये तेवढ्याच लहान फाइलीत रेघ कोरीव राही. पण एका मोठ्या ब्राउझरनं 'मागणी नाही' म्हणून तो वाऱ्यावर सोडला होता.

"दोन्ही ठेव ना," केदार म्हणाला. हा फॉरमॅट त्यालाही आवडायचा. "नवं उघडलं नाही तर जुनं दिसेल. सगळे तसंच करतात."

"म्हणूनच मागणी दिसत नाही. जुन्यावर भागतंय म्हटल्यावर नव्यासाठी कोण हात हलवेल?"

"सगळं जग जेपेगवर चालतं, जोया. तू एकटी त्याला हटवणार?"

"जगातून नाही. अब्बूंच्या अक्षरांवरून."

चित्र उघडणार नाही त्या जागी तिनं एक ओळ टाकली : 'चित्रात दोष नाही. आपला ब्राउझर तपासावा.'

संध्याकाळी ती विश्रांतवाडीला घरी पोहोचली, तेव्हा तिची आई जुबेदा फोन घेऊन बसली होती. पडद्यावर नुसत्या चौकटी, आणि प्रत्येकीत तीच ओळ. जोया दारातच थबकली. साऱ्या जगाशी भांडताना अम्मीचा फोन तिच्या ध्यानातच आला नव्हता.

"अम्मी, थांब. जुने फोटो परत टाकते."

"ते डागवाले?"

जोयानं बॅगेतून लॅपटॉप बाहेर काढला.

जुबेदानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"एका मिठाईवाल्याला उद्घाटनाची घाई होती. वेलांटीचा रंग जरासा ओघळला होता. कोणाला कळतंय, म्हणाला. तुझ्या अब्बूंनी अख्खी पाटी खरवडून काढली. उद्घाटन बिनपाटीचं झालं."

जोयानं लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. त्यावर नवा फॉरमॅट उघडत होता. पाटीच्या लाल जमिनीवर पिवळी अक्षरं आली, त्यांच्या अंगाला सावलीची बारीक काळी रेघ. जुबेदाचं बोट पडद्याला न टेकता त्या रेघेवरून हळूहळू फिरत गेलं.

मग तिनं फोन उचलला आणि घरच्या ग्रुपवर वेबसाइटची लिंक पाठवून दिली.

"अगं, त्यांच्यापैकी कोणालाच दिसणार नाही!"

तेवढ्यात जुबेदाच्या धाकट्या भावाचा, जावेदचा, फोन आला.

"आपा, यात तर काहीच नाही. नुसते रिकामे डबे."

"दिसत नाही ना? मग घरी या," जुबेदा म्हणाली. "सगळ्यांना घेऊन या."

फोन ठेवून तिनं जोयाला पुढची पाटी लावायची खूण केली.