हेल्माचा डावा हात

हेल्मा तशी पाण्याबाहेर कधीच फार बोलकी नव्हती. पाण्याखाली मात्र तिच्या हातांना उसंत नसे. एकोणीस वर्षं दर फेब्रुवारीत ती हॉलंडहून तीन आठवड्यांसाठी बोनेअर या कॅरिबियन बेटावर यायची, रोज सकाळी पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि डायव्हिंगचं दुकान चालवणाऱ्या स्विंडाच्या मागोमाग प्रवाळात शिरायची. समुद्रघोडा दिसला की ती दोन बोटांनी लगाम ओढल्यासारखं करी. दात विचकणारी वाम दिसली की स्वतःच्या सासूची नक्कल करी. स्विंडासाठीही तिनं एक खूण ठरवली होती, कानाची पाळी दोनदा ओढायची, कारण स्विंडा पाण्यातही डूल काढत नसे. पंधरा मीटर खाली, तोंडात हवेची नळी असताना हसू आवरणं किती कठीण, हे स्विंडाला हेल्मानंच शिकवलं होतं.

नवरा, एव्हर्ट, तेवढा वेळ दुकानासमोरच्या दिविदिवीच्या झाडाखाली पेपर वाचत बसे. वयाच्या सातव्या वर्षी कालव्यावरचा बर्फ फुटून तो खाली पाण्यात गेला होता. तेव्हापासून समुद्राशी त्याची ओळख गुडघ्यापर्यंतच.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. हेल्माला झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, आणि वाचा गेली होती.

या वर्षी ते यायचे नाहीत, असं स्विंडानं धरूनच ठेवलं होतं. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानासमोर भाड्याचा ट्रक थांबला. एव्हर्ट उतरला, पलीकडून वळसा घालून आला आणि त्यानं हेल्माला अगदी अलगद, काचेचं भांडं उचलावं तसं, खाली घेतलं. उजवा हात पोटाशी धरलेला, केस बारीक कापलेले. स्विंडाला पाहताच तिनं तोंड उघडलं.

"मंगळवार," ती म्हणाली.

"तेवढा एकच शब्द राहिलाय," एव्हर्ट म्हणाला. "पाणी हवं असेल तरी मंगळवार, राग आला तरी मंगळवार. तू मनावर घेऊ नकोस."

स्विंडानं तिला मिठी मारली. "आज गुरुवार आहे, हेल्मा. पण तू म्हणशील तो वार," ती म्हणाली. हेल्माच्या छातीतून हसू फुटलं. ते मात्र जुनंच होतं.

दुपारी स्विंडाच्या भावानं, बोईनं, माशाचं सूप आणि मक्याची उकड केली. बोई दुकानाची बोट चालवायचा आणि स्वयंपाकघरही. चौघं बाहेरच्या टेबलाशी बसली. एव्हर्टनं हेल्माच्या गळ्याखाली रुमाल लावला, सूप फुंकून दिलं, तिच्या वतीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. हेल्मा दमलीय. हेल्माला ऊन सोसत नाही. हेल्मा मजेत आहे.

"तुम्हाला कसं कळतं?" बोईनं विचारलं.

"तिकडे एक बाई बोलायचे धडे द्यायला यायच्या. त्यांनी शिकवलंय. बरं वाटलं, पटलं, की अंगठा वर. मान तिची कधी कधी उलटी हलते, तिच्यावर भरवसा नाही." तो हेल्माकडे वळला. "सूप छान आहे ना गं?"

हेल्मानं डावा अंगठा वर केला.

"बघा," एव्हर्ट म्हणाला. मग चमचा खाली ठेवून हळूच म्हणाला, "एप्रिलपासून शुश्रूषागृहात खोली मिळालीय. खिडकीतून तळं दिसतं. मी त्र्याहत्तरचा आहे, ती न्हाणीत दोनदा पडली, दुसऱ्या खेपेला मला उचलता आली नाही. शेजाऱ्याला हाक मारावी लागली. तिथं नेऊन खोली दाखवली, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अंगठा. नाहीतर मी नसतं केलं."

हेल्मा खुर्ची मागं सारायचा प्रयत्न करत होती. ऊन तिच्या मानेवर आलं होतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, टाकी बांधायची नाही, पण सोबत असेल तर उथळ पाण्यात पोहायला हरकत नाही. शनिवारी वारा पडला तेव्हा स्विंडानं तिला पायऱ्यांवरून पाण्यात उतरवलं. मास्क लावला, श्वासाची छोटी नळी दिली, पोटाखाली हात धरला. काठावरून एव्हर्ट दर मिनिटाला विचारत होता, "ठीक आहे ना? थंडी वाजत नाहीये ना तिला?"

हेल्मानं पाण्यात तोंड घातलं आणि तिचं अंग एकदम सैल झालं. लुळा हात पाण्यानं उचलून धरला. पोपटमाशांचा एक थवा खालून प्रवाळ कुरतडत गेला. स्विंडानं सवयीनं अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला, ठीक आहेस? हेल्माच्या डाव्या हातानं लगेच गोल केला, ठीक. थोड्या वेळानं तिनं पंजा आडवा धरून हलवला, काहीतरी बिघडलंय. पाहिलं तर मास्कमध्ये पाणी शिरत होतं. ते काढलं. मग हेल्मानं कानाची पाळी दोनदा ओढली.

स्विंडाला पाण्यातच रडू आलं. मास्कच्या आत रडण्याचा एक फायदा असतो, ते कुणाला कळत नाही.

वीस मिनिटांनी हेल्मा दमली. तिनं डावा अंगठा वर केला आणि स्विंडा तिला घेऊन वर आली.

पायरीवर एव्हर्ट टॉवेल घेऊन वाकला होता. "मजा आली?"

हेल्मानं बोटांचा गोल करून दाखवला.

"नाही, नाही. अंगठा, हेल्मा. आठवतंय ना? अंगठा." आणि त्यानं मायेनं तिचं बोट सरळ करून अंगठा वर केला. हेल्मा ओरडली, "मंगळवार!" आणि तिनं हात हिसकून घेतला.

स्विंडा कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी राहिली. एकोणीस वर्षं हेल्मा पाण्याखाली जात होती. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे छान नव्हे. अंगठा वर म्हणजे चल वर. पुरे झालं. मला इथून बाहेर काढ.

सूप खाताना तिला उन्हातून उठायचं होतं. आणि त्या तळ्याकाठच्या खोलीत तिनं तीनदा तेच सांगितलं होतं.

"तू यात पडू नकोस," हे ऐकून बोई स्विंडाला म्हणाला. "नवरा-बायकोचं आहे. आणि तुझं चुकलं तर? झटका आलेल्या माणसाच्या बोटांवर एवढी इमारत बांधायची?"

"चुकलं तर चुकलं. त्यांनी चौथ्यांदा विचारावं, एवढंच म्हणायचंय."

"तो म्हातारा चिडेल."

"चिडू दे. तू तुझी बोट धू."

एव्हर्ट खरंच चिडला. रविवारी चर्चहून परतताना स्विंडानं त्याला झाडाखाली गाठलं आणि जे वाटत होतं ते सरळ सांगितलं. तो ऐकून घेत होता तोवर त्याची मान लाल होत गेली.

"तू तिला वर्षातून तीन आठवडे ओळखतेस," तो म्हणाला. "मी चव्वेचाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपतोय. मला माझ्या बायकोचं मन तू सांगणार?"

"मन नाही. खुणा सांगतेय. त्या तुम्ही कधी शिकला नाहीत."

तो उठून गेला. सोमवारी ते दोघं आले नाहीत. स्विंडा दिवसभर टाक्या भरत राहिली आणि दर ट्रकच्या आवाजाला मान वर करत राहिली. आपण एका थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवला, असं तिला सारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी एव्हर्ट एकटाच आत आला. हेल्माला त्यानं बाहेर सावलीत बसवलं होतं. त्याचे डोळे सुजलेले, हातात नवी कोरी पोहण्याची चड्डी, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली.

"मला त्या खुणा शिकव," तो म्हणाला. "सगळ्या. आणि मग पाण्यात ने. तिथं तिची भाषा आहे, तर तिथं जाऊन विचारतो. वर मी विचारलं की माझेच शब्द तिच्या तोंडी घालतो, हे काल रात्रभर माझ्या ध्यानात येत होतं."

बाकावर बसून तो तासभर शिकला. ठीक. बिघडलंय. हवा संपली. थांब. वर. खाली. बोई मुद्दाम चुकीच्या खुणा करून त्याची परीक्षा घेत होता. "हे काय?" "मासा?" "नाही, हे आमच्या आजोबांचं पोट." एव्हर्ट हसला नाही, पण त्याचे खांदे थोडे खाली आले.

पायऱ्यांवर मात्र तो थबकला. पाणी गुडघ्याला लागलं तशी त्यानं स्विंडाच्या मनगटात बोटं रुतवली. "खाली जमीन आहे ना?"

"आहे. तुमच्या पायाखालीच आहे. बर्फ कुठंच नाही."

हेल्मा आधीच पाण्यात होती, बोईच्या हातावर. एव्हर्टनं छातीपर्यंत पाण्यात जाऊन डोळे मिटले, तोंड बुडवलं, खोकत वर आला, पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदा तो खालीच राहिला. हेल्मानं मान वळवली आणि मास्कच्या काचेमागे, गाल फुगवून, केस उभे राहिलेला आपला नवरा पाहिला. तिच्या नळीतून हसण्याचे इतके आवाज आले की बोईला तिला उभं करावं लागलं. पण तिला उभं राहायचंच नव्हतं. ती पुन्हा खाली गेली, एव्हर्टचा हात धरला आणि एका प्रवाळाच्या फटीकडे बोट दाखवलं. तिथं तिच्या सासूसारखी एक वाम दात विचकून बसली होती. हेल्मानं नक्कल केली. एव्हर्टनं आईला ओळखलं.

त्यानं गोल केला. तिनं गोल केला. किती वेळ ती दोघं नुसता गोलच करत होती.

बाहेर आल्यावर पायरीवर, अंगावरून पाणी गळत असताना, त्यानं तिचा हात हातात न घेता तसाच मोकळा सोडला. "हेल्मा," तो म्हणाला, "ती तळ्याकाठची खोली."

तिचा अंगठा वर गेला.

"वर? म्हणजे बाहेर? तिथं राहायचं नाही?"

हेल्मा त्याच्याकडे बघत राहिली. मग डाव्या हाताची दोन बोटं सावकाश जुळली. गोल.

"आणि घर?"

पुन्हा गोल. मग तिनं पंजा आडवा करून हलवला, आणि त्याच्या पाठीवर, जिथं तिला उचलताना उसण भरली होती, तिथं ठेवला. घरात अडचण आहे हे तिलाही कळत होतं. त्याच्या पाठीचं तिला कळत होतं.

एव्हर्टनं चेहरा टॉवेलात लपवला. स्विंडा आणि बोई टाक्यांकडे गेले, जरी टाक्यांशी काही काम नव्हतं.

त्या आठवड्यात त्यानं दुकानाच्या फोनवरून बरेच फोन केले. खोली सोडली. पुतणीशी बोलून न्हाणी तळमजल्यावर घ्यायचं ठरलं, दिवसातून दोनदा मदतनीस बाई येणार होत्या. जमेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. "वर्षभर बघू," तो स्विंडाला म्हणाला. "नाही जमलं तर पुन्हा विचारीन. नीट विचारीन."

निघायच्या दिवशी दोघं विमानतळावरच्या उपाहारगृहात बसली होती आणि स्विंडा काचेपलीकडून त्यांना बघत होती. एव्हर्ट हेल्माला काहीतरी हातानं सांगत होता, फार गंभीरपणे, पुन्हा पुन्हा गळ्यावरून पंजा फिरवून. त्याला बहुधा कॉफी संपली असं म्हणायचं होतं. तो म्हणत होता, माझी हवा संपली. हेल्मानं आधी कपाळावर हात मारला. मग जवळ सरकून, आपल्या नळीतली हवा द्यावी तशी, स्वतःची कॉफी त्याच्या तोंडाला लावली.