छिद्रांचा चष्मा

मित्रांनो, मी सुतारकामाचा एक जुना चष्मा आहे आणि सध्या भलत्याच नाकावर बसलो आहे. एरवी जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनंती नेमकी उलटी आहे. पण आधी माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एका साच्यात झाला. रबराची मऊ चौकट, जाड काच आणि दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे. घामाच्या वाफेने काच धूसर होऊ नये म्हणून ती छिद्रे. उडणारा भुसा आणि लाकडाच्या ढलप्या अडवायच्या, एवढेच काम मला नेमून दिले होते.

दुकानात एका सुताराने मला हातात घेतले. माणूस मोठा चोखंदळ. त्याने बरेच चष्मे लावून पाहिले, मान हलवून पाहिली, खाली वाकून पाहिले आणि मग मला निवडले. पुढे एकदा करवतीवरून ढलपी सुटली ती थेट माझ्या काचेवर आदळली. काचेला चरा पडला, डोळ्याला काही झाले नाही. सुतार ज्याला त्याला तो चरा दाखवत सुटला आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पुढे त्याचे हात थरथरू लागले आणि काम सुटले. त्याच सुमारास त्याची धाकटी मुलगी कामाला लागली, पितळी नळांना चकाकी चढवणाऱ्या कारखान्यात. चकाकी चढवण्याआधी नळ टोपलीत भरून ॲसिडच्या टाकीत बुडवायचे आणि वर काढायचे, हे धाकटीचे काम. सुताराने मला स्वच्छ पुसून तिच्या हातात ठेवले.

"याने माझे डोळे राखले, तुझेही राखील," तो म्हणाला.

मला मात्र धडकी भरली. ढलपी येते आणि आपटून पडते. ॲसिडसारखा पातळ पदार्थ वाट शोधत आत येतो, आणि माझ्या अंगाला तर वाटाच वाटा.

कारखान्याने धाकटीला दुसरा चष्मा दिला होता. चारी बाजूंनी बंद आणि दिसायला बेडकासारखा. तो वाफेने धूसर झाला की ती वैतागून कपाळावर सरकवायची. शेवटी तिने त्याला खिळ्याला टांगले आणि मला लावले. असा हवेशीर चष्मा कुठे मिळतो, असे शेजारच्या टाकीवरची बाई विचारू लागली. मुकादम फेरीला आला की डोळ्यांवर काहीतरी आहे ना, एवढेच पाहायचा. ज्या छिद्रांची मला भीती वाटत होती त्यांचेच सगळीकडे कौतुक चालले होते.

एके दिवशी टोपली उचलताना थेंब उडाला. तो छिद्रातून आत शिरला आणि काचेला आतून चिकटला, तिच्या पापणीपासून जेमतेम बोटभर अंतरावर. तिला कळलेही नाही. काही दिवसांनी दुसरा उडाला, तो गालाच्या हाडावर पडला. तिने धावत जाऊन नळाखाली तोंड धरले, तरी लाल चट्टा उठलाच.

"थोडक्यात वाचलीस गं," शेजारच्या टाकीवरची बाई म्हणाली.

"बाबांचा चष्मा होता म्हणून," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरी सुताराने मला पुसायला घेतले. काचेवरचा पांढरा डाग काही केल्या निघेना. मला उलटसुलट करता करता त्याचे बोट छिद्रांवर थांबले. मग त्याने मुलीच्या गालाकडे पाहिले.

"हा डाग आतून आहे," तो म्हणाला. "उद्यापासून हा घालू नकोस."

"मग तो बंद घालू? त्यातून काही दिसत नाही, बाबा."

"टाकीपासून लांब जाऊन पुसायचा आणि पुन्हा घालायचा. माझंच चुकलं, पोरी. लाकूडकामाचा चष्मा मी तुला ॲसिडच्या कामाला दिला."

ती हो म्हणाली. म्हातारपणी बाबा जरा हळवे झालेत, असे मात्र तिच्या मनात आले. मला कपाटात ठेवायचे सोडून तिने सवयीने पिशवीत टाकले. आज कामावर बंद चष्मा नेहमीसारखा धूसर झाला. तिने तो काढला, पिशवीत हात घातला, तर मी होतोच. फक्त आजच्या दिवस, असे ती शेजारच्या बाईला म्हणाली.

आता मी तिच्या डोळ्यांवर आहे. टाकीतली टोपली आज शिगोशीग भरली आहे आणि ती उचलायची एक कडी उघडत चालली आहे. मला ती दिसते. धाकटीला दिसत नाही, कारण ती बोलण्यात गुंग आहे.

मित्रांनो, समोरून काय उडणार आहे ते पाहून चष्मा निवडा. तो हलका आहे म्हणून नको, हवेशीर आहे म्हणून नको, आणि कुणी मायेने दिला म्हणूनही नको. मला खुशाल अडगळीत टाका, मी रुसणार नाही. पण त्याआधी एक करा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. टोपली वर निघाली आहे. धाकटीला हाक मारा.