पाचाच्या खाली न्हाय

मंडईत तो ठराव झाला एकोणसत्तर सालच्या उन्हाळ्यात. एक, दोन आणि तीन पैशांची नाणी यापुढं कुणी घ्यायची नाहीत, पाच पैशांच्या खाली काही विकायचं नाही. ठराव मांडला बाळासोंनी. ते भाजीचे मोठे अडते. सगळ्या किरकोळ विक्रेत्यांना माल त्यांच्याकडूनच उधारीवर मिळायचा, त्यामुळं हात भराभर वर झाले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. ती हलकी ॲल्युमिनियमची चिल्लर पोत्यानं साठायची आणि बँकेतला कारकून ती बघून तोंड फिरवायचा.

खैरुनबी बागवाननं मात्र हात वर केला नाही. मिरची, कोथिंबीर, आलं, लिंबं एवढाच तिचा माल. तिच्याकडं यायच्या त्या वीटभट्टीवर नाहीतर वखारीत राबणाऱ्या बाया. त्या दिवसाच्या कालवणापुरती दोन पैशांची मिरची न्यायच्या. पाच पैशांची घेतली तर त्यांना मिठाला पैसे उरत नव्हते. खैरुनबीचा नवरा बाबालाल हातगाडी ओढायचा. मवाळ माणूस. सगळ्यांसारखं वाग म्हणून त्यानं तिला परोपरीनं सांगितलं, पण ती दोन पैशांना मिरची देतच राहिली. तिच्यापुढं गर्दी वाढली तशा शेजारच्या भाजीवाल्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

बाळासोंनी आधी तिचा माल तोडला. मग ती जवळच्या वडणगे गावी जाऊन शेतकऱ्यांकडून मिरची आणू लागली. तेव्हा त्यांनी सयाजीला पाठवला.

सयाजी त्यांचा हमाल. तालमीत तयार झालेला, मानेवर पोतं टाकून पळत सुटणारा गडी. एरवी तिच्याकडून लिंबू मागून न्यायचा. त्या सकाळी तो तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याला बोलायलाही जड जात होतं.

"भाभी, दोन पैशाला देऊ नगासा. मालक लई तापल्यात."

"मिरची माझी हाय. दोनाला देईन, न्हायतर फुकट देईन."

मागून कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सयाजीचं डोकं फिरलं. त्यानं लाथेनं मिरचीची बुट्टी उडवली, लिंबं पायाखाली चिरडली. मिरची घेणारी एक बाई मध्ये आली, तिला त्यानं असं ढकललं की कट्ट्याच्या कडेवर आपटून तिचं कपाळ फुटलं. बाबालाल गाडी टाकून धावत आला आणि सयाजीचा दंड धरून विनवू लागला. सयाजीनं त्याला एक ठोसा मारला. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज खैरुनबीला स्पष्ट ऐकू आला. बाबालाल कोसळला, तरी सयाजी त्याच्या बरगड्यांत लाथा घालत राहिला. माणसं गोल करून बघत होती. बाळासो आपल्या पेढीच्या गादीवरून उठले नाहीत.

खैरुनबीच्या हाताला तराजूतलं दोन किलोचं लोखंडी वजन लागलं. ते तिनं सगळ्या ताकदीनं सयाजीच्या खांद्यावर हाणलं. तो कळवळून खाली बसला, उजवा तळवा फरशीवर टेकून. त्याच्यातला जोर गेला होता, हे तिला दिसलं. तो हातही दिसला, पसरलेला. तिनं वजन त्या हातावर आपटलं. बोटांचा चुरा झाला. सयाजी बैलासारखा ओरडला. तिनं पुन्हा वजन उचललं, तोच तिचा घोटा कुणीतरी पकडला. रक्तानं तोंड भरलेला बाबालाल होता. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसती मान हलवत होता. तेव्हा कुठं तिनं वजन खाली ठेवलं.

बाबालालचा जबडा तारेनं बांधला. तो कितीतरी दिवस पेजेवर होता. पोलीस आले तेव्हा सयाजीनं जबाब दिला की हातावर पोत्यांची थप्पी कोसळली. बाईनं मारलं असं सांगितलं असतं तर तालमीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. बाळासोंनाही मंडईत पोलीस नको होते. ते स्वतः खैरुनबीकडं आले, पुन्हा उधारीवर माल देऊ केला, मंडईच्या दारातली चांगली जागा देऊ केली. सयाजीचं काय, असं तिनं विचारलं. एका हाताच्या हमालाला ठेवून काय करू, असं ते सहज म्हणाले. नवरा अंथरुणावर होता. तिनं जागा घेतली.

सयाजी बायकोला घेऊन गावी निघालाय असं कळलं, तशी ती त्याच्या खोलीवर गेली. त्यानं तिला बसायला सांगितलं. हात फडक्यात गुंडाळलेला होता.

"पयला घाव मी वडवून घेतला हुता, भाभी," तो म्हणाला. "दुसरा का घातलासा?"

वाटेत तिनं बरंच काही ठरवलं होतं. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं.

"मला थांबायचंच नव्हतं," ती म्हणाली. "बाबालालनं पाय धरला नसता तर डोक्यातच घातलं असतं."

सयाजीनं मान डोलावली. त्याच्या बायकोनं चहा पुढं केला. दोघं चहा प्याली.

ती दारातल्या जागेवर बसून दोन पैशांना मिरची देत राहिली. आता तिला कुणी अडवत नव्हतं. पण बाहेर वाण्यानं ती नाणी घेणं बंद केलं, गिरणीवाल्यानंही केलं, आणि बायांच्या हातातच ती दिसेनाशी झाली. दिवाळीच्या आधी एका बाईनं मिरचीचा भाव विचारला. खैरुनबी पाच पैसे म्हणाली आणि मिरची घालताना हात जरा सैल सोडला.