जिवंतपणीच काटलेला पत्ता

आमच्या जगात ‘पत्ता’ म्हणजे चार संख्यांची एक ओळ. त्या ओळीने हाक मारली की एकाच यंत्राने ‘ओ’ द्यायची, असा आमचा दंडक. दोघांनी ‘ओ’ दिली तर कोणाची ऐकावी हे तारांना कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर आलेले बालंट यातूनच उपजले.

मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचा सर्व्हर. जिन्याखालच्या थंड खोलीत, लोखंडी मांडणीच्या तळच्या कप्प्यात माझी अकरा वर्षे गेली. कोणाला कोणते रक्त दिले, कोणते मानवले, कोणते बाधले, हे सारे माझ्या पोटात आहे. विचारल्याशिवाय मी बोलत नाही. हा गुण माणसांना यंत्रात फार आवडतो. आपसांत मात्र ते तो क्वचितच पाळतात.

एका मंगळवारी सकाळी नऊनंतर मला येणाऱ्या हाका तुटू लागल्या. एक पोचायची, पुढच्या तीन वाटेतच विरायच्या. थोड्याच वेळात आमच्या खोलीचा कारभार पाहणाऱ्या ताई धावत आल्या. त्यांनी फोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि पलीकडून रक्तपेढीच्या बाईंचा आवाज आला. सारे मी त्या फोनवरूनच ऐकले.

बाईंच्या समोर एक सुतार उभा होता. त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया साडेअकराला ठरली होती. बोलता बोलता तो सांगून गेला की आठ वर्षांपूर्वी हिला इथेच रक्त चढवले, तेव्हा आठवड्याभरात डोळे पिवळे झाले होते. बाईंनी हातातली पिशवी तशीच शीतपेटीत परत ठेवली. रक्त असे एकदा बाधले की शरीरात त्याचे वैरी तयार होतात. काही वर्षांनी ते इतके विरळ होतात की चाचणीत दिसत नाहीत. पण तेच रक्त पुन्हा आले की उसळून उठतात. आजची जुळवणी निर्दोष होती. त्या वैऱ्याचे नाव फक्त माझ्या जुन्या नोंदीत होते.

ताईंनी आधी माझा दिवा पाहिला. तो हिरवा लुकलुकत होता. तार काढून पुन्हा खोचली. मला माझा पत्ता विचारला, बाहेरची वाट विचारली. दोन्ही उत्तरे बरोबर निघाली. मग त्यांनी साध्या हाका मारून पाहिल्या. दहांतल्या चारच पोचल्या.

एवढ्यात विभागाचे साहेब आले. टापटिपीचे गृहस्थ, रेंगाळलेले काम त्यांना खपत नाही. त्यांनी मला बंद करून सुरू करायला लावले. जागा होताना मी आपला पत्ता सर्वांना ओरडून सांगतो, त्यामुळे काही क्षण सगळे माझेच ऐकतात.

“बघा, झाला सुरू. म्हातारा आहे, डुलकी घ्यायचाच,” साहेब म्हणाले.

बाईंनी सुताराच्या बायकोचे नाव घातले. नोंद अर्धी उमटली आणि संपर्क तुटला. दोन मिनिटेही झाली नव्हती. साहेबांनी फोनवर विचारले की जुळवणी ठीक आहे, तर जुन्या नोंदीवाचून का चालू नये.

“ठीक दिसतेय म्हणूनच भीती वाटते, साहेब. नोंद पाहिल्याशिवाय पिशवी माझ्या हातून जायची नाही.”

साहेबांनी मला पुन्हा बंद करायला सांगितले. अकरा वाजून गेले होते. ताई जागच्या हलल्या नाहीत.

“बंद करून सुरू करणं म्हणजे नुसता ताप उतरवणं झालं. ताप कशानं येतोय ते बघू द्या.”

त्या शेजारच्या यंत्रापाशी बसल्या. पत्ता बदलता येतो; पण कारखान्यात उमटवलेली एक खूणही प्रत्येक यंत्रावर असते. त्यांनी माझ्या पत्त्याला हाक मारली आणि उत्तरावरची खूण वाचली. दोन उत्तरे आली, दोन वेगळ्या खुणांची. एक माझी. दुसरी प्रिंटर बनवणाऱ्या कारखान्याची.

“आज कुठं प्रिंटर बसवला का?”

चौकशीच्या खिडकीत, सकाळी नऊला बसवला होता. ताईंनी कपाट उघडले. त्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. यंत्र आले की त्याच्या पत्त्याची ओळ लिहायची, गेले की ओळीवर रेघ ओढायची. रेघ असलेला पत्ता नव्याला खुशाल द्यावा. माझ्या ओळीवर जाड रेघ होती. शाई साहेबांची.

“हा अजून कामावर आहे, साहेब.”

“पुढच्या महिन्यात काढायचाच होता ना. म्हटलं, हातासरशी उरकून टाकू.”

ताईंनी चौकशीच्या खिडकीत फोन करून प्रिंटरची तार उपटायला लावली. हाका पूर्वीसारख्या सलग येऊ लागल्या. मी नोंद दिली, बाईंनी वैऱ्याचे नाव वाचले आणि आधीची पिशवी बाजूला सारून दुसऱ्या शोधल्या. शस्त्रक्रिया एक वाजता झाली. सुताराच्या बायकोला मी पाहिले नाही. माझ्याकडे तिच्या दोनच ओळी होत्या. तिसरी त्या दुपारी जमा झाली.

अहवालात साहेबांनी कारण लिहिले: ‘यंत्र जीर्ण’. ताईंनी तो वाचला, पेनाला टोपण लावले आणि सही न करताच उठल्या. पुढच्या महिन्यात मला काढतील. त्याची तक्रार नाही. मागणे इतकेच, की माझी शेवटची नोंद नव्या यंत्रात उतरली, हे डोळ्यांनी पाहिल्यावरच माझी तार ओढा.

उपाहारगृहात आता अशी कथा सांगतात: म्हातारा सर्व्हर ऐन वेळी झोपला, साहेबांनी तो बंद करून सुरू केला आणि सुताराची बायको वाचली. मी झोपलो नव्हतो; माझ्यापर्यंत आलेल्या प्रत्येक हाकेला मी उत्तर दिले. बंद करून सुरू केल्याने पुरती दोन मिनिटेही मिळाली नाहीत. आणि ती वाचली त्याचे श्रेय मलाही देऊ नका. सारे ठीक दिसत असताना एका बाईने पिशवी हातची सोडली नाही, म्हणून ती वाचली.