तळ्याला भरलेला ताप

तळं पेटलं तेव्हा जवळजवळ अख्खी वस्ती काठावर उभी होती. सूर्य नुकताच मावळला होता. होडीतल्या बाबाने पानावर पेटती वात ठेवून ती पाण्यात सोडली, चेल्याने लांब काठी तळात खुपसली आणि पाण्यावरून निळसर ज्वाळा सरसरत गेल्या. बायांनी लेकरांचे डोळे झाकले. या माणसाला लोक जळबाबा म्हणत. जळ म्हणजे पाणी आणि जळ म्हणजे पेट. दोन्ही धंदे एका नावात बसले होते.

"तळ्याच्या छातीत नळ्या खुपसल्या," तो संथपणे म्हणाला. "आता त्याला ताप भरलाय. हा ताप घराघरांत शिरणार. टोचणारे निघून जातील, भोगाल तुम्ही."

टोचणारी मी होते. नगरपालिकेने आमच्या पर्यावरण सल्लागार संस्थेला काम दिलं होतं. तळ्याचं पाणी तपासायचं, पाणपक्ष्यांच्या घरट्यांची जागा राखायची आणि वस्तीचं सांडपाणी कुठून न्यायचं ते लोकांबरोबर बसून ठरवायचं. गाळाचे नमुने घ्यायला नळ्या मीच घातल्या होत्या. वस्ती उठवणार अशी कुजबुज आधीपासून होतीच. बाबाने त्या भीतीला फक्त काडी लावली.

आग कशाची ते मला ठाऊक होतं. पण एकेक मान माझ्याकडे वळत होती. मी मागच्या मागे सटकले आणि काठाजवळचं ताईचं घर गाठलं; त्याच्या दारातूनही ज्वाळा दिसत होत्या. माझी थोरली बहीण याच वस्तीत राहते. काम चालू असेपर्यंत मी तिच्याकडेच उतरले होते.

आत भाची पडून होती. कालपासून तिला आणि वस्तीतल्या आणखी काही जणांना जुलाब-उलट्या होत होत्या. सकाळी मी कामावर निघाले तेव्हा ती निदान बोलत होती. आता डोळे खोल गेले होते, हात गार लागत होते. "मावशी, पाणी," ती पुटपुटली. ताईने उशाची बाटली उचलली. पाणी पिवळट होतं, तळ्याचं. मी ताईचा हात धरला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध ताईने बंद केलं होतं. बाबा कालपासून घरोघरी सांगत होता, की तळ्याचा ताप तळ्याचंच पाणी उतरवतं. दवाखान्याचं औषध मध्ये आलं की तो उलटतो. म्हणजे पोर बरी झाली तर गुण बाबाचा, नाही झाली तर दोष दवाखान्याचा. असा सौदा कधीच तोट्यात जात नाही.

या पाण्यात मैला आहे, मी स्वतः तपासलंय, असं मी ताईला परोपरीने सांगितलं. तिने हात सोडवून घेतला.

"तू आलीस आणि तळं पेटलं," ती म्हणाली. "तू माझ्या घरात राहतेस आणि माझी पोर अशी पडलीय. मला बाबाची नाही, तुझी भीती वाटते."

भावोजी दारात उभे होते. त्यांना काय करावं सुचत नव्हतं. वाद घालत बसले असते तर पोर हातची गेली असती. मी म्हटलं, ताई, जरा परसात चल. त्यानंतरही तू म्हणालीस तर आत्ता बॅग भरते.

परसात मोरीच्या पाण्याचा खड्डा होता, काळ्या चिखलाने भरलेला. मी एक बाटली पाण्याने भरून त्या खड्ड्यात उलटी धरली, तिच्या तोंडाला नरसाळं लावलं आणि भावोजींना खालचा गाळ ढवळायला सांगितलं. बुडबुडे बाटलीत चढले, तसं आतलं पाणी उतरत गेलं. बाटलीचं तोंड अंगठ्याने दाबून ती वर काढली आणि ताईला काडी ओढायला लावलं. अंगठा काढताच भक्कन निळी ज्वाळा उठली. ताई किंचाळली नाही, पण भिंतीला टेकली.

"इथे कुणी नळी घातली नाही," मी म्हटलं. "घाण कुजली की तिच्यातून पेटणारा वायू निघतो आणि गाळात अडकून बसतो. चेल्याची काठी लागली की तो वर येतो आणि पानावरच्या वातीवर पेट घेतो. वस्तीच्या सगळ्या मोऱ्या तळ्यात जातात, ताई. तीच घाण त्या बाटलीत आहे."

"मी सकाळपासून तिला तेच पाजतेय," ताई म्हणाली आणि आत धावली.

पोरीला उचलून आम्ही दवाखाना गाठला, तिथे लगेच सलाईन लावलं. डॉक्टरीणबाई आम्हाला काही सांगायला तयार नव्हत्या. पोरीला लघवी झाल्याचं, म्हणजे अंगात पाणी परतल्याचं, कळलं तेव्हा कुठे त्या खुर्चीत टेकल्या.

दुसऱ्या संध्याकाळी काठावर पुन्हा गर्दी जमली. मी बोलणार होते. ताईने मला मागे ओढलं. तू तोंड उघडलंस तर दगड येतील, म्हणाली. मग तीच पुढे झाली आणि बाबाला म्हणाली, "आज पलीकडच्या काठाला, पाण्याच्या पंपाच्या बाजूला पेटवून दाखवा. तिथे तळाला वाळू आहे आणि एकही मोरी येत नाही. तळं तर एकच आहे ना?"

बाबा हसला. म्हणाला, तळ्याची छाती इथे आहे, तिकडे पाय. ताप छातीत भरतो, पायात नाही.

"माझ्या पोराचे तळपायसुद्धा भाजताहेत," गर्दीतून एक बाई म्हणाली.

मग लोकांनीच होडी तिकडे वळवायला लावली. वात सोडली, काठी खुपसली, पुन्हा खुपसली. पानावरची वात तेवढी डुलत राहिली. तेव्हा ताईने "ही आमच्या मोरीतली घाण, हीच तळ्यात जाते," म्हणत मोरीच्या वायूने भरलेली बाटली उघडली, काडी लावली आणि तीच निळी ज्वाळा उठली.

टाळ्या वाजल्या नाहीत. घरोघरी उशाशी त्याच पाण्याच्या बाटल्या होत्या. ती बाई आधी पळाली, मग सगळेच. त्या धावपळीत बाबा निसटला. त्याला अडवायला कुणी थांबलंच नाही. दवाखान्यात नेलेली मुलं वाचली. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांना न्यायला मात्र उशीर झाला, ते गेले.

आता आराखड्याच्या बैठकीला वस्ती येते आणि सांडपाण्याचा नळ आधी टाका म्हणते. ताई पुढच्या रांगेत असते. मला मात्र गर्दीने मान वळवली की अजून धस्स होतं. घाबरण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे इथेच का होतं, पलीकडे का नाही? आणि जो त्याचं उत्तर टाळेल, त्याच्या हातचं काहीही लेकराच्या तोंडात घालू नका.