स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत

धाकटीने लॅपटॉपवर सगळ्या ओळी टाइप केल्या, पण बदल लागू करण्याआधी आणखी एक हुकूम सोडला: पंधरा मिनिटांनी संगणकांचं जाळं जोडणाऱ्या त्या नेटवर्क स्विचने आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हावं. दूर बसून स्विच हाताळणारे सगळेच असं करतात. काही चुकलं आणि संपर्कच तुटला, तर तो निदान जुन्या सेटिंगवर परत तरी येतो. काम फत्ते झालं की हा हुकूम रद्द करायचा, बस्स.

स्विच रुग्णालयाच्या समोरच्या इमारतीत होता, तिसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात. तिथली मुख्य परिचारिका म्हणजे धाकटीची सख्खी ताई. बंद खोल्यांमधल्या रोग्यांचं काय चाललंय, ते तिच्या टेबलावरच्या संगणकांच्या पडद्यांवर दिसायचं, आणि ही सगळी माहिती आजवर एकाच केबलच्या भरवशावर होती. आता दोन केबली होत्या. एक गेली तर दुसरी वाट स्विचने स्वतः शोधायची होती. हे काम बाहेर न देता धाकटीला द्या, म्हणून ताईने मोठ्या डॉक्टरांपाशी शब्द टाकला होता. त्या शब्दाचंच धाकटीला ओझं झालं होतं. लहानपणापासून घरात तिची ख्याती एकच: हिच्या हातात काचेचं काही देऊ नका!

तिने एंटर दाबलं. स्क्रीन गोठली. धाकटीने ओठ दाताखाली धरला. मग एकेक वाट चालू झाल्याचं दिसू लागलं. खात्री करायला तिने आपल्याकडची एक केबल उपटली, तर स्विचने निमूटपणे दुसरी वाट धरली. केबल परत लावून तिने सेटिंग जतन केली, तेवढ्यात फोन वाजला.

“अगं, पडदे क्षणभर गेले आणि लगेच आले की!” ताई विभागाच्या फोनवरून बोलत होती. “शाबास गं बाई. ये वर, चहा घेऊ.”

शाबास! आणि तेही ताईच्या तोंडून! धाकटी अशी हरखली की लॅपटॉप तिथेच टाकून अंगण ओलांडून निघालीसुद्धा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला एकदम आठवलं. तो पंधरा मिनिटांचा हुकूम तिने रद्द केलाच नव्हता.

घड्याळात फार वेळ उरला नव्हता. बंद झालेला स्विच उठायला चांगली सात-आठ मिनिटं घेतो, आणि तोवर टेबलावरचे सगळे पडदे काळे. तिने विभागाला फोन लावला. तो व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच.

खाली पळत सुटलं, तर कदाचित लॅपटॉप गाठता आला असता. मग कोणाला कानोकान कळलं नसतं, आणि ती शाबासकीही तिचीच राहिली असती. पण नाही गाठता आला तर? ती दोन पायऱ्या खाली उतरली, थबकली, आणि स्वतःला एक कचकचीत शिवी देऊन वर धावली.

ताई टेबलापाशी फोनवरच बोलत होती.

“पडदे जाणार आहेत, ताई! आत्ता! माझ्याच हातून राहिलं.”

ताईने फोन खाली ठेवला आणि पडदे गेले. सगळे एकदम.

धाकटी खोल्यांकडे धावली. पहिल्या खोलीत पलंगाशेजारी एक नर्स स्टुलावर बसली होती, खोलीतल्या मॉनिटरवर डोळे लावून; तो स्विचवाचूनही चालू होता. दुसऱ्या खोलीतही एक. तिसऱ्या खोलीत तर सुटीवरची नर्स घरच्याच कपड्यांवर गाऊन चढवून बसलेली. एकही रोगी एकटा नव्हता.

“या कधीपासून बसल्यात?” तिने मागे वळून विचारलं.

ताईने टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

“सकाळपासून.”

“मघाशी शाबास म्हणालीस, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

धाकटीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. सगळे सुखरूप होते, आणि तिला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“खाली जाऊन गुपचूप निस्तरलं असतंस, तर मला पत्ताही लागला नसता,” ताई म्हणाली.

“वेळेत पोचले असते की नाही, कुणास ठाऊक.”

“हं.”

मग दुसऱ्या खोलीचं दार उघडून ताईने आतल्या नर्सला खुणेने उठवलं.

“हिला सकाळपासून पाण्याचा घोटही मिळालेला नाही. तू बस इथे. हा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला की हाक मार. मी बाहेरच आहे.”

“मी?”

“मग काय, मी भिंतीला सांगतेय?”

धाकटी स्टुलावर बसली. पलंगावरच्या म्हातारबाईंचा श्वास संथ चालला होता. थोड्या वेळाने पडदे आल्याचं बाहेरून कोणीतरी सांगितलं, पण तिने आकड्यावरची नजर हलवली नाही.