दोन लेकांच्या दोन गोळ्या

सासूबाई पंधरा दिवस आमच्याकडे वाशीला राहायच्या, पंधरा दिवस दिरांकडे कळंबोलीला. बीपीसाठी आमच्या ह्यांनी त्यांना आपल्या डॉक्टरकडे नेलं, तर पोपटभावजींनी त्यांच्या. कोणाचा डॉक्टर भारी, यावरून दोघा भावांची कायम जुंपलेली. म्हातारीने दोघांचंही मन राखलं. दोन्हीकडच्या गोळ्या महिनाभर गुपचूप खाल्ल्या आणि आज मोरीत चक्कर येऊन पडली.

"आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुटल्याच नाय."

वैतागून मी त्यांची पिशवी पलंगावर उपडी केली.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं निरखली. "औषध एकच आहे, कंपन्या दोन. डबल डोसने बीपी एवढं खाली आलं. यापुढे एकाच डॉक्टरच्या गोळ्या घ्यायच्या."

"माझ्याच डॉक्टरच्या," हे म्हणाले.

"का? माझा काय कंपाउंडर आहे?" भावजी उसळले.

मी कपाळावर हात मारला. सलाईन लावलेला हात सासूबाईंनी कसाबसा उचलला.

"भांडू नका रं," त्या म्हणाल्या. "खाते मी दोन्ही."